पंधरा मिनिटं आणि चौसष्ट हजार

पत्र

सप्रेम नमस्कार. मी सांगलीची, वय ४६. औषधांचं दुकान चालवते. दिवाळीत मालवणला गेलो होतो, तिथे लेकीच्या हट्टापायी दोघींनी पाठीवर हवेची टँक घेऊन स्कूबा केलं. माणशी बाराशे रुपये, पाण्याखाली जेमतेम पंधरा मिनिटं. वर आल्यापासून लेक (वय १४, नववीत) दुसरं काही बोलत नाही. खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यातून जात नाही. आता रीतसर कोर्स करावा असं वाटतंय. तीन ठिकाणी चौकशी केली. अंदमानात हॅवलॉकला माणशी ३२ हजार, चार दिवस. कोकणातच एका ठिकाणी २४ हजार, चार दिवस. गोव्यात एकाने १४ हजार सांगितले, दोन दिवस, ‘सर्टिफिकेट गॅरंटीड’. ह्यांचं म्हणणं, दोघींचे चौसष्ट हजार पाण्यात घालायचे त्यापेक्षा दुकानातला जुना फ्रीज बदलू. मला पोहता येतं, लहानपणी कृष्णेत शिकले. बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. लेकीने अँग्रिया बँक नावाच्या समुद्राखालच्या पठाराबद्दल कुठेतरी वाचलंय, तिला तिथे उतरायचंय. पैसे वाया जातील का? आणि घालायचेच तर कुठे घालावेत?

– एक वाचक, सांगली

उत्तर

तुमच्या यजमानांचं गणित चुकलेलं नाही, अपुरं आहे. चौसष्ट हजार ही नुसती फी झाली. सांगलीहून अंदमान म्हणजे आधी पुणे नाहीतर मुंबई गाठा, तिथून विमानाने पोर्ट ब्लेअर, पुढे बोटीने हॅवलॉक. दोघींची तिकिटं, सहा रात्रींचं राहणं-खाणं, मधला एक रिकामा दिवस (तो का, ते पुढे सांगते) असं सगळं धरलं तर माझ्या अंदाजाने सव्वा ते दीड लाख. कोकणातला कोर्सही घरून निघून घरी परतेपर्यंत साठ-पासष्ट हजारांवर जातो. हा आकडा त्यांना तुम्हीच सांगा. नंतर कळला तर फ्रीजचा विषय आयुष्यभर निघेल.

आता तुमच्या बाजूचं गणित. बाराशेला पंधरा मिनिटं म्हणजे मिनिटाला ऐंशी रुपये. कोर्समध्ये तलावातली चार-पाच तासांची शिकवणी असते आणि समुद्रात चार डाइव्ह. टँक साधारण ११ लिटरची, त्यात २०० बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब) हवा कोंबलेली, म्हणजे मोकळी सोडली तर २,२०० लिटर. नवशिका मिनिटाला वीसेक लिटर ओढतो. दहा मीटर खाली दाब दुप्पट, म्हणून हवाही दुप्पट लागते, मिनिटाला चाळीस लिटर. शेवटच्या ५० बारला हात न लावता वर यायचं असतं. उरल्या १,६५० लिटरना चाळीसने भागा, चाळीस मिनिटं निघतात. अशा चार डाइव्ह आणि तलाव मिळून साडेसात तासांच्या आसपास तुम्ही पाण्यात असता. अंदमानचा भाव मिनिटाला सत्तर रुपये पडतो, कोकणचा पन्नास-पंचावन्न. म्हणजे मिनिटाच्या हिशेबाने मालवणची मजाच महाग होती.

(जाता जाता, त्या टँकमध्ये नुसता ऑक्सिजन नसतो. औषधवाल्यांना हे सांगायला नको, पण मालवणच्या जेटीवर दर दुसरा पर्यटक ‘ऑक्सिजनची टाकी’ म्हणतो. आत असते ती तुम्ही-आम्ही घेतो तीच हवा, गाळलेली आणि कोरडी.)

पण हा मिनिटांचा हिशेब यजमानांपुढे टाकून कोर्स पदरात पाडून घ्याल, तर मला पटणार नाही. ती पंधरा मिनिटं आणि ही साडेचारशे एका जातीची नाहीत.

मालवणात काय झालं ते आठवा. होडीवर पाच मिनिटं सूचना: तोंडाने श्वास घ्या, कान दुखले तर नाक चिमटीत धरून हलकं फुंका, घाबरू नका. मग एका मुलाने तुमची टँक मागून धरली आणि तो तुम्हाला खाली घेऊन गेला. जॅकेटमध्ये हवा भरणं-सोडणं त्याच्या हातात, किती खाली जायचं ते त्याच्या हातात, कधी वर यायचं तेही त्याच्याच. तुम्ही सामान होता. नीट जपलेलं, पण सामान. मीसुद्धा एकेचाळिसाव्या वर्षी असंच पहिल्यांदा उतरले. खाली निळ्या माशांचा एक थवा अंगावरून गेला आणि मी इतकी खूश झाले, की त्या मुलाला अंगठा दाखवला, ‘झकास!’ त्याने मान हलवली आणि मला सरळ वर घेऊन आला. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. ‘झकास’साठी बोटांचा गोल करायचा असतो. माझी पंधरा मिनिटं सहाव्या मिनिटाला संपली.

कोर्समध्ये ह्या सामानाचा माणूस करतात. फी त्याची असते. अमुक इतके मासे दिसतील ह्याची नसते.

एक प्रसंग सांगते. आमच्या इन्स्ट्रक्टरने होडीवर पाण्याची रिकामी बाटली घेतली, झाकण घट्ट लावलं आणि ती घेऊनच आम्हाला खाली नेलं. दहा मीटरवर ती बाटली पिळून काढलेल्या पिशवीसारखी चपटी झाली होती, आतली हवा निम्म्या जागेत. मग त्याने झाकण उघडलं, स्वतःच्या रेग्युलेटरमधून (टँकमधली हवा तोंडाशी आणून देणारं यंत्र) बाटलीत हवा सोडली, ती पुन्हा टम्म झाली, आणि पुन्हा झाकण लावून आम्ही वर यायला निघालो. पाच-सहा मीटरवर आल्यावर बाटली हातात करकरायला लागली. त्याने ती स्वतःच्या छातीला लावून दाखवली आणि मग झाकण सैल केलं. फुस्स. स्कूबाचा पहिला नियम आहे की श्वास कधीही रोखून धरायचा नाही, आणि तो मी पुस्तकात चार वेळा वाचला होता. मला समजला तो त्या करकरीत. घाबरलेल्या माणसाचा पहिला धर्म म्हणजे श्वास रोखणं आणि वर पळणं. दोन्ही एकदम केलं तर फुप्फुसाची ती बाटली होते. मालवणच्या त्या मुलाने तुम्हाला धरून ठेवलं होतं ते ह्याचसाठी. कोर्सनंतर तुम्हाला कुणी धरणार नाही, कारण तुमचं तुम्हाला कळलेलं असेल.

दुसरं, मास्क. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायचं, मान किंचित वर करायची, वरची कड कपाळावर दाबून नाकाने लांब श्वास सोडायचा, की पाणी खालून निघून जातं. सांगायला एक वाक्य. करताना नाकात खारं पाणी जातं, डोळे मिटतात, आणि मेंदू सांगतो की बाई, बुडालीस. मला अकरा वेळा जमलं नाही. तलावाच्या तळाशी गुडघे टेकून मी बसले होते आणि समोर आमचा इन्स्ट्रक्टर, माझ्या निम्म्या वयाचा मुलगा, मांडी घालून बसल्यासारखा तरंगत होता. दरवेळी तो हाताने सांगायचा, थांब, श्वास घे, पुन्हा. घाई नाही. बाराव्या वेळी जमलं. मी त्याला दिलेल्या पैशातले निम्मे ह्या बसून राहण्याचे होते असं मी आजही मानते. चौदा हजारांत दोन दिवसांचा कोर्स विकणाऱ्याकडे नेमकं हेच शिल्लक नसतं.

तर गोव्याचं आधी निकालात काढू. ओपन वॉटर नावाचा जो नवशिक्यांचा कोर्स असतो, त्यात लेखी भाग, तलावातले पाच टप्पे आणि समुद्रातल्या चार डाइव्ह येतात. पॅडी ह्या डायव्हिंगचे कोर्स चालवून कार्ड देणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे त्या चार डाइव्ह एका दिवसात उरकता येत नाहीत, किमान दोन दिवस लागतात. लेखी सगळं घरून करून गेलात तरी तलावाला वेळ हवाच. शेवटी ५० प्रश्नांची परीक्षा असते, ७५ टक्के लागतात. एवढं असताना कुणी निकालाची गॅरंटी कशी देतो? देतो, कारण ‘सर्टिफिकेट’ ह्या एका शब्दात तीन वेगळ्या वस्तू खपतात. एक म्हणजे ‘अमुक यांनी समुद्रात डुबकी मारली’ असं रंगीत प्रशस्तिपत्र, जे तुमच्या लेकीच्या कपाटावर आत्ताच लागलेलं असेल. दुसरं अर्धं कार्ड, नाव ‘स्कूबा डायव्हर’, त्यावर १२ मीटरपर्यंत आणि तेही व्यावसायिक डायव्हर सोबत असेल तरच उतरता येतं. तिसरं पूर्ण ‘ओपन वॉटर’, १८ मीटर, जगभर चालणारं. चौदा हजारवाल्याला फोन करा आणि ह्या तिघांतलं नेमकं कोणतं, संस्था कोणती, इन्स्ट्रक्टरचा सदस्य क्रमांक काय, असं विचारा. क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. मला वाटतं फोन लवकर ठेवला जाईल.

पॅडी की तशीच दुसरी संस्था एसएसआय, ह्यावर डोकं शिणवू नका. पॅडी १९६६ ची, एसएसआय १९७० ची, दोन्ही कार्डं सगळीकडे चालतात. माणूस बघा, लोगो नको.

माणूस कसा बघायचा? एका इन्स्ट्रक्टरमागे शिकणारे किती, हे विचारा. नियमाने समुद्रात आठ चालतात. तुम्ही चारच्या वर जाऊ नका. हे मी कान देऊन शिकले आहे. कार्ड मिळाल्यावर दुसऱ्या वर्षी एका ठिकाणी (नाव सांगत नाही) आम्ही सात जण होतो आणि पुढे एकच गाइड. माझा डावा कान मोकळा होईना. मी हाताने खूण करत होते, पण तो पुढच्यांना कासव दाखवण्यात गुंतला होता. मागे पडायच्या भीतीने मी दुखत्या कानाने दोन मीटर आणखी खाली गेले. पुढचे तीन आठवडे डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं, आणि ईएनटीच्या चकरांचे पैसे त्या डाइव्हपेक्षा जास्त झाले. चूक निम्मी माझीच. कान मोकळा होत नसेल तर थोडं वर यायचं, कुणी पुढे गेलं तर जाऊ दे, हे मला शिकवलेलं होतं.

बाकी विचारायचं ते असं: फीमध्ये अभ्यासाचं साहित्य, कार्डाचे पैसे, सगळं सामान, होडी आणि जीएसटी धरलाय का, एखादं कौशल्य चार डाइव्हमध्ये जमलं नाही तर पाचवीचे किती, समुद्र खवळला तर पैसे परत की तारीख पुढे. आणि तलाव स्वतःचा आहे, की पहिल्या दिवशीच किनाऱ्यावरच्या लाटांत मास्क काढायला लावणार? तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षणाची संस्था आहे, शिकवणीसाठीच बांधलेल्या तलावासह. तुमचं कोकणातलं केंद्र दुसरं असेल तर ह्या संस्थेचाही दर विचारून घ्या.

आता कोकण की अंदमान. लोक सांगतील अंदमानच, पाणी बघा कसं काचेसारखं. पाण्याबद्दल ते खोटं बोलत नाहीत. मालवणला चांगल्या दिवशीही पाच-सहा मीटरपुढचं धूसर होत जातं, हॅवलॉकला वीस मीटर दिसलं तर कुणी टाळ्या वाजवत नाही. पण कोर्सच्या चार डाइव्हमध्ये तुम्ही करणार काय? मास्क काढणार, घालणार. रेग्युलेटर तोंडातून सोडून पुन्हा शोधणार. सोबतिणीच्या हवेवर वर येणार. आणि सगळ्यात जास्त वेळ घालवणार तो पाण्यात अधांतरी राहायला शिकण्यात: श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली, जॅकेटला हात न लावता. त्या वेळी शेजारून देवमासा गेला तरी तुम्ही हातातलं, हवा किती उरली ते दाखवणारं प्रेशर गेजच बघत असाल. एवढ्यासाठी अंदमानचं विमान कशाला? मी कोकणात शिकले. गढूळ पाण्यात शिकलेल्याला स्वच्छ पाणी बक्षिसासारखं लागतं. अंदमान कार्ड घेऊन जायची जागा आहे. मागच्या खेपेला तिथे दोन डाइव्हचे मी सात हजारांच्या आसपास दिले. हातात कार्ड होतं म्हणून पंधरा मिनिटांऐवजी पाऊण पाऊण तास खाली राहता आलं, आणि नवशिक्यांच्या उथळ जागेऐवजी गाइडने लांबच्या खडकांवर नेलं. गाइड होताच, कार्ड मिळालं म्हणजे एकट्याने समुद्र मोकळा असं नसतं. पण तो पुढे होता, माझी टँक धरून मागे नव्हता.

इथवर वाचून तुम्ही कोकणचे अठ्ठेचाळीस हजार बाजूला काढायला घेतले असतील. थांबा जरा. पत्रात एक शब्द तुम्ही कंसात लिहून सोडून दिलात: नववीत.

कार्ड आयुष्यभर चालतं, हात चालत नाहीत. कोर्सनंतर सहा महिने-वर्ष पाण्यात गेला नाहीत तर बरीचशी केंद्रं आधी उजळणी करायला लावतात, तिचे पैसे वेगळे, आणि लावतात ते बरोबरच आहे. म्हणून कुणीही विचारलं की कोर्स करू का, तर माझा उलट प्रश्न एकच असतो: त्यानंतरची डाइव्ह कधी आणि कुठे? उत्तर तयार असेल तर कोर्स स्वस्त आहे. नसेल तर दर दिवाळीला मालवणला बाराशे देऊन सामान म्हणून उतरलेलं बरं, दहा वर्षांचे दोघींचे मिळून चोवीस हजार होतात आणि मजा कमी नाही.

तुमच्या घरात जूनपासून दहावी बसणार आहे. म्हणजे ह्या एप्रिल-मेमध्ये कोर्स केलात तर जून ते सप्टेंबर पावसाळ्यात कोकणातलं स्कूबा बंद, दिवाळीत क्लासचे सराव पेपर, मग प्रिलिम, मग बोर्ड. लेक पुन्हा पाण्यात जाईल ती वर्षभराने, मास्कमधलं पाणी काढायचं निम्मं विसरून. पैसे वाया जाणं म्हणतात ते हे. गोव्याचे चौदा हजारही असेच जातील आणि अंदमानचे बत्तीसही, फरक आकड्याचा.

म्हणून माझं म्हणणं, कोर्स पुढच्या वर्षी, बोर्डाचा शेवटचा पेपर झाल्यानंतरच्या एप्रिलमध्ये करा. कोकणात, दोघींनी एकत्र. ह्यात एक फायदा आयताच पडतो. पंधराच्या आतल्या मुलांना ज्युनियर कार्ड मिळतं, आणि तिच्या वयाच्या मुलीने त्यावर कार्डधारक मोठ्या माणसासोबतच उतरायचं असतं. पुढच्या एप्रिलला ती पंधरा पूर्ण असेल, ती भानगडच नाही. मग मे उजाडायच्या आत किंवा त्या वर्षीच्या थंडीत अंदमान, चार डाइव्ह, कोर्स न करता. यजमानांना फ्रीजसाठी एक वर्ष मिळतं हा आणखी एक मुद्दा, वापरायचा तर वापरा.

लेक रुसेल. तिला ह्या सुट्टीत मालवणला पुन्हा एकदा न्या, पण ह्या वेळी होडीवर चढायच्या आधी ठरवून घ्या: अर्धा तास खाली, फोटो कमी, आणि माशांना ब्रेड टाकणारा गाइड नको. मी तो प्रकार पाहिलाय. मासे कॅमेऱ्यासमोर गोळा होतात आणि खाली पोळीच्या तुकड्यांचा लगदा तरंगत असतो. १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या जागेच्या आसपास आपण हे करतो. असो.

तिच्या अँग्रिया बँकेचं मात्र तिला खरं सांगा. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं ते पाण्याखालचं पठार विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून जास्त आत समुद्रात आहे, आणि त्याचा माथाच वीसेक मीटर खोल. ओपन वॉटर कार्ड अठराला संपतं. पुढचा, अ‍ॅडव्हान्स्ड नावाचा कोर्स तिसापर्यंत नेतो, पण तिथे जायला नुसतं कार्ड पुरत नाही, भर समुद्रातली मोहीम लागते. तिने ते स्वप्न ठेवावं. ते दाखवून कुणी आज कोर्स विकत असेल तर घेऊ नये.

मध्ये एक वर्ष आहे, त्यात पहिले पैसे डॉक्टरकडे घाला. कोर्सआधी तब्येतीची प्रश्नावली भरायची असते. बीपीच्या गोळीपुढे तुम्हाला ‘हो’ लिहावं लागेल, आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना वेगळे चार प्रश्न असतात. एक जरी लागू पडणारा ‘हो’ आला की डॉक्टरची सही हवी. ती सही सांगलीतूनच आणा. जेटीवर, फी भरून झाल्यावर, सामान अंगावर चढवताना हे लक्षात आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातली काही मग तिथल्या तिथे ‘नाही’वर टिचकी मारतात. तुम्ही रोज प्रिस्क्रिप्शन तपासता, तुम्हाला काय सांगायचं. गोळी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी) असेल तर डॉक्टर जरा जास्त खोदून विचारतील, धाप लागेपर्यंत चालवून बघतील, बघू द्या.

आणि तुमच्याच फडताळातली ती नाक मोकळं करायची बाटली. लेकीला सर्दी असेल तर ‘दोन थेंब टाकू, तास-दीड तास निभावेल’ असा मोह होईल. खाली असताना औषधाचा असर उतरला तर कान-नाकात कोंडलेली हवा वर येताना बाहेर पडायला वाट शोधते आणि सापडत नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी किनाऱ्यावर चहा प्यायचा.

तुमच्या वयाचं आणखी एक, जे तरण्या इन्स्ट्रक्टरांच्या ध्यानात येत नाही: चाळिशी. चष्म्याशिवाय औषधाच्या पट्टीवरची एक्स्पायरी दिसत नसेल तर गेजवरचे बारही दिसणार नाहीत. मास्कच्या काचेला आतून चिकटवायचे वाचनाचे छोटे भिंगतुकडे मिळतात. नंबरच्या काचांचे मास्कही मिळतात. सामान म्हणून विकत घ्यायची एवढी एकच वस्तू, मास्क, दोन-चार हजारांत. दुकानात पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा, हात सोडायचा. पडला नाही तर तुमचा. नव्या काचेला आतून टूथपेस्ट चोळून धुवा, नाहीतर धुकं धरतं. रेग्युलेटर, जॅकेट, मनगटावरचा कॉम्प्युटर, सगळं भाड्याचं चालतं. कुणी पॅकेजमध्ये गळ्यात मारायला लागलं तर हसून नाही म्हणा.

मघाशी रिकाम्या दिवसाचं म्हटलं होतं ते राहिलं. दाबाखाली श्वास घेतला की अंगात नायट्रोजन मुरतो आणि तो निघायला वेळ लागतो. लगेच विमानात बसलं तर कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. बरेच दिवस डाइव्ह केल्यावर विमानाआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत. अंदमानात हे सगळे पाळतात. मालवणहून परतणारे आपले लोक विसरतात की त्यांच्या वाटेत विमान नसलं तरी घाट आहे. आंबोली सातशे मीटरच्या आसपास उंच आहे. म्हणून कोर्सची शेवटची डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढून कोल्हापूर गाठायचं, असं करू नका. रात्र खालीच काढा, सोलकढी प्या, दुसऱ्या दिवशी जेवून निघा. ह्या रात्रीचे पैसे खर्चात धरा.

पोहण्याचं शेवटी ठेवलं, कारण ते आत्ता करता येण्यासारखं आहे. कोर्समध्ये न थांबता २०० मीटर पोहायचं असतं, वेळेचं बंधन नाही, आणि मग कशालाही न धरता दहा मिनिटं पाण्यावर राहायचं. कृष्णेत पाठीला डबा बांधून शिकलेल्या बाईला २०० मीटर अवघड नाहीत, पण शेवटच्या कधी पोहलात? गावातल्या तलावाची लांबी विचारून घ्या. पंचवीस मीटर असेल तर आठ फेऱ्या. येत्या रविवारी सकाळी दोघी जा. आधी तुम्ही उतरा, लेकीला काठावर घड्याळ घेऊन बसवा, आणि आठ फेऱ्यांनंतरच्या दहा मिनिटांत तिच्याशी बोलायचं नाही असं आधीच ठरवून टाका. ती बोलायला लावेल.